ऑपरेशननंतर वडील पुन्हा भरकटू नयेत म्हणून घरच्यांनी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७८ वर्षांचे, पुढच्या आठवड्यात खुब्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन ठरलंय. तीन वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशननंतर दोन रात्री ते कुणाला ओळखेनात, सलाईन उपसून काढली, 'मला इथे डांबून ठेवलंय' म्हणत राहिले आणि चौथ्या दिवशी आपोआप ताळ्यावर आले. या वेळी तसं होऊ नये म्हणून दोघं बहीण-भाऊ आळीपाळीनं जवळ थांबणार आहेत. त्यांच्याशी सतत बोलत राहायचं का, आणि रात्री शांत झोप लागावी म्हणून डॉक्टरांकडे झोपेची गोळी आधीच मागून ठेवायची का, असं तुम्ही विचारलंय.

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात मी बावीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीचशी रात्रपाळीतली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. गोळीचं आधी सांगून टाकते: मागू नका. का, ते पुढे येईलच.

तुमच्या वडिलांना झालं होतं त्याला आम्ही डिलिरियम म्हणतो. जुनी माणसं 'वात झाला' म्हणायची. हे वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. हा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो, सकाळी बरा वाटतो, दिवे लागले की बिघडतो, आणि त्यात पहिल्यांदा जातं ते लक्ष. माणूस वाक्याच्या मध्येच हरवतो. ऑपरेशननंतर बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत दिसतो. ज्यांना एकदा झालाय त्यांना पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा तुमची काळजी रास्त आहे.

तो होतो कशामुळे, ते मी नातेवाइकांना असं सांगते. ऑपरेशनच्या दोन दिवसांत आपण म्हाताऱ्या माणसाकडून काय काय काढून घेतो ते मोजा. चष्मा काढतो. कवळी काढतो. कानातलं मशीन काढून डबीत ठेवतो. दोन वेळचं खाणं-पिणं बंद करतो, स्वतःचं अंथरूण, रोजची खोली, घड्याळ, चालणं, झोप, सगळं जातं. वर भूल, शरीरातली सूज, वेदना आणि पाच-सहा नवी औषधं. चाळिशीतला मेंदू हे सगळं सोसून जातो, कारण त्याच्याकडे शिल्लक भरपूर असते. अठ्ठ्याहत्तरीत शिल्लक कमी, आणि खर्च मात्र तेवढाच. म्हणून घरच्यांचं काम म्हणजे पेशंटला धरून ठेवणं किंवा त्याचं मनोरंजन करणं नव्हे. काढून घेतलेलं एकेक त्याला लवकरात लवकर परत करायचं, आणि तो 'एरवी कसा असतो' हे माहीत असलेला माणूस म्हणून पहारा द्यायचा. आमच्या पाळ्या बदलतात, डॉक्टर राउंडला दहा मिनिटं येतात. तुमचे वडील शुद्धीवर असताना कसे बोलतात, किती जोरात हसतात, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नसतं.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉ. शॅरन इनूये यांच्या गटानं १९९९ मध्ये ७० वर्षांपुढच्या ८५२ पेशंटांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. झोप, पाणी, चष्मा, मशीन, चालणं, बोलणं अशा साध्या गोष्टी नेमानं केल्या तेव्हा डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. ते पेशंट ऑपरेशनचे नव्हते, पण त्यातली एक गोष्ट मी कधी विसरत नाही: डिलिरियम एकदा सुरू झाल्यावर त्याच गोष्टींनी त्याच्या तीव्रतेत फारसा फरक पडला नाही. म्हणजे खरी संधी आधीच असते. पुढे चीनमधल्या चंग्दू इथल्या एका मोठ्या रुग्णालयात हीच पद्धत घरच्यांना हाताशी धरून ऑपरेशनच्या २८१ पेशंटांमध्ये वापरली गेली. २०२० मध्ये आलेला निकाल असा की घरच्यांचा सहभाग होता तिथे २.६ टक्के पेशंटांना डिलिरियम झाला, नेहमीच्या शुश्रूषेत १९.४ टक्क्यांना. एकाच रुग्णालयातला अभ्यास आहे, तेव्हा आपल्याकडेही इतकाच फरक पडेल असं मी म्हणणार नाही. पण नातेवाइकांनी उगाच गर्दी करू नये असं मानणाऱ्या माझ्यासारख्या जुन्या नर्सला तो आकडा बराच काळ टोचत राहिला.

कशावर काय अवलंबून आहे तेही सांगते. ठरवून केलेल्या खुब्याच्या ऑपरेशनपेक्षा पडून हाड मोडल्यावर घाईनं केलेल्या ऑपरेशनमध्ये धोका पुष्कळ जास्त असतो. तुमचं ठरवून आहे, ही जमेची बाजू. विसराळूपणा आधीपासून असेल, ऐकू कमी येत असेल, रोजची औषधं बरीच असतील, मूत्रपिंड अशक्त असेल, तर धोका वाढतो. आणि सगळं नीट करूनही डिलिरियम होऊ शकतो. न्यूमोनिया झाला किंवा रक्तातलं सोडियम उतरलं तर ते तुमच्या गप्पांनी थांबणार नाही. साधारण दहापैकी तीन ते चार वेळा डिलिरियम टाळता येतो असं मानलं जातं. उरलेल्या वेळी घरच्यांनी स्वतःला दोष देत बसू नये.

आता या आठवड्यात करायचं ते.

वडील रोज काय काय घेतात त्याची खरी यादी करा. खरी म्हणजे डब्यात काय आहे ती नव्हे, पोटात काय जातं ती. झोपेची गोळी, सर्दीची गोळी, खाज सुटल्यावर घेतात ती गोळी, लघवी सारखी होऊ नये म्हणून दिलेली, सगळी. मेंदूत लक्ष आणि स्मरण सांभाळणारं ॲसिटिलकोलीन नावाचं एक रसायन असतं, आणि यातली बरीच औषधं त्यालाच दाबतात. डायफेनहायड्रामाइन, प्रोमेथाझिन, फेनिरामाइन ही ॲलर्जीची, झोप आणणारी जुनी औषधं त्यातलीच. अल्प्राझोलम, लोराझेपाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या झोपेसाठी, चिंतेसाठी देतात त्या गोळ्यांचा रस्ता वेगळा, पण परिणाम तोच: म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, पण खरी विश्रांती मिळत नाही, आणि मध्यरात्री तो अर्धवट जागा होऊन पलंगावरून उतरतो. म्हणून गोळी मागू नका म्हटलं.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. वडील यातली एखादी गोळी महिनोन्महिने रोज घेत असतील, तर ती तुमच्या मनानं बंद करू नका. अचानक बंद केल्यानंही डिलिरियम होतो, झटकेही येऊ शकतात. भूलतज्ज्ञांना सांगा, काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. दारूचंही तसंच. रोज घेत असतील तर किती, हे लाज न बाळगता सांगा. शेवटच्या घोटानंतर साधारण दोन ते चार दिवसांत जे सुरू होतं ते जिवावर बेतू शकतं, आणि ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस नेमका त्यातच पडतो. घरच्यांनी हे लपवल्यामुळे आम्ही दोन दिवस भलत्याच गोष्टी शोधत बसलो, असं माझ्या डोळ्यांसमोर एकापेक्षा जास्त वेळा घडलंय.

भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा 'मागच्या वेळी दोन रात्री भ्रम झाला होता' हे वाक्य स्वतःहून सांगा आणि फाइलवर लिहून घ्यायला लावा. नुसतं 'मागच्या वेळी थोडा त्रास झाला' म्हटलंत तर त्यांना उलट्या झाल्या असं वाटेल.

अजून एक छोटी गोष्ट. घरीच, सहज गप्पांत, त्यांना वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगा. किती म्हणतात आणि किती वेळ लागतो ते लक्षात ठेवा. लक्ष टिकतंय का हे पाहायला आम्हीही हेच विचारतो. पण ऑपरेशनआधीच त्यांना चारच महिने जमत असतील तर नंतर चार जमण्याला अर्थ वेगळा, आणि आधी सगळे बारा धडाधड म्हणत असतील तर वेगळा. तुमच्याकडे हा 'आधीचा' आकडा असला तर डॉक्टरांना खरोखर मदत होते.

ऑपरेशनच्या दिवशी एकच हट्ट धरा: चष्मा, कवळी आणि मशीन शेवटच्या क्षणापर्यंत त्यांच्याजवळ राहावं आणि शुद्धीवर आल्या आल्या परत मिळावं. तिन्हींवर नाव लिहा. मशीनचे जादा सेल आणा. एक आजोबा दोन दिवस प्रत्येक प्रश्नाला 'हो हो' म्हणत होते. आम्ही फाइलमध्ये 'गोंधळलेले' असं लिहूनही टाकलं होतं. नातीनं कपाटातल्या डबीतून मशीन काढून कानात घातलं, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'इतके दिवस सगळे पुटपुटत का होतात?'

आता तुमचा पहिला प्रश्न, सतत बोलण्याचा. सतत नको. थकलेल्या मेंदूवर बोलण्याचा मारा हाही त्रासच. दिवसातून तीनदा, पंधरा-वीस मिनिटं नीट समोर बसून बोललात तरी पुरे. समोर म्हणजे चेहऱ्यावर उजेड येईल असं, उशाशी मागून नव्हे. मधल्या वेळात नुसतं शेजारी बसणंही चालतं.

आणि परीक्षा घेऊ नका. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला प्रत्येक भेटायला येणारा विचारतो, 'मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?' उत्तर आलं नाही की सगळे एकमेकांकडे बघतात, आणि त्याला कळतं की आपलं काहीतरी चुकतंय. तिथून भीती सुरू होते. त्यापेक्षा माहिती आपणच पुरवायची: 'बाबा, मी आलेय. काल ऑपरेशन झालं, नीट झालं. आता सकाळचे नऊ वाजलेत, आज गुरुवार.' हे दिवसभर सहज बोलता बोलता, न शिकवता. मोठ्या आकड्यांचं घड्याळ त्यांना पलंगावरून दिसेल असं लावा. घरातला एखादा फोटो, त्यांची रोजची चादर ठेवा. वर्तमानपत्र वाचत असतील तर वाचून दाखवा आणि त्यावर त्यांचं मत विचारा. राजकारणावर चिडले तर फारच उत्तम, चिडायला लक्ष लागतं.

भेटायला येणाऱ्यांना आवर घाला. पहिले तीन दिवस तेच दोन-तीन चेहरे असावेत.

पाणी आणि खाणं. भुकेची, तहानेची जाणीव वयानं बोथट होते आणि ऑपरेशननंतर आणखीच. तांब्या उशाशी ठेवला म्हणजे पाणी पोटात गेलं असं होत नाही. तासातासाला दोन-चार घोट हातात द्यावे लागतात. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर दिवसाला किती पाणी चालेल ते आधी विचारून घ्या. खाणं शक्यतो खुर्चीत बसवून, निदान पाठ सरळ करून, कवळी घालून. गुंगीत असताना भरवू नका. 'दोन घास तरी' या मायेपोटी घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. मी कोणावर ओरडत असेन तर यासाठीच.

चालणं. खुब्याच्या ऑपरेशननंतर बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टशिवाय उठवू नका. पाय किती वाकवायचा, कसा वळवायचा नाही, भार किती द्यायचा हे त्यांच्याकडून शिकून घ्या. एकदा परवानगी मिळाली की तुमचं काम सुरू: दिवसातून तीनदा, मग ते खुर्चीत बसणं असो की दरवाज्यापर्यंत चार पावलं. 'आज राहू दे, दमलेत' म्हणून सोडून दिलेला दिवस रात्री वसूल होतो.

चालण्याच्या आड येणारी मुख्य गोष्ट म्हणजे लघवीची नळी. ती सोयीची वाटते, नातेवाइकांनाही वाटते. पण तिनं संसर्ग होतो, टोचत राहते, माणूस पलंगाला बांधला जातो आणि गोंधळलेला पेशंट पहिल्यांदा तीच ओढतो. रोज राउंडला विचारा, 'नळी आज काढता येईल का?' विचारल्यानं कुणी रागावत नाही. खरं सांगायचं तर कधीकधी ती फक्त कुणी विचारलं नाही म्हणून राहिलेली असते. ती काढल्यावर सहा-आठ तासांत लघवी झाली का, हे लक्षात ठेवा. तुंबलेली लघवी आणि तीन दिवसांची बद्धकोष्ठता या दोन गोष्टींनी म्हातारी माणसं किती सैरभैर होतात, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

वेदनेबद्दल एक गैरसमज आहे. 'वेदनेच्या औषधांनी भ्रम होतो, म्हणून कमी द्या' असं नातेवाईक सांगतात. काही औषधांनी होतो, हे खरं. पण न शमलेली वेदनाही तेवढीच घातक. पॅरासिटामॉलसारखं साधं औषध ठरल्या वेळी दिलं तर तीव्र औषधं कमी लागतात. वडील 'काही नाही, ठीक आहे' म्हणणाऱ्यांतले असतील तर आम्हाला तसं सांगा. कूस बदलताना चेहरा कसा होतो ते तुम्हाला दिसतं.

रात्र हा माझा प्रांत, म्हणून इथे जरा रेंगाळते. चांगली रात्र दिवसा तयार होते. सकाळी पडदे उघडा, दिवसा अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू देऊ नका. ऑपरेशनच्या पहिल्या दिवशी हे जमणार नाही, तेव्हा सक्ती नको. संध्याकाळी दिवे वेळेवर लावा, कारण अर्धवट उजेडात सावल्या माणसांसारख्या दिसतात. झोपण्याआधी लघवीला नेऊन आणा, तोंड धुवा, पाठीला हलक्या हातानं चोळा, काही गरम प्यायला चालत असेल तर द्या, हळू आवाजात त्यांच्या आवडीचं गाणं लावा. झोपेच्या गोळीऐवजी आम्ही हेच करतो, आणि बऱ्याच वेळा एवढ्यावर भागतं. मग मंद दिवा, टीव्ही बंद, तुमचा फोन मुका. नर्सला विचारा की रक्तदाब तपासणं, औषध देणं, सलाईन बदलणं एकाच वेळी उरकता येईल का. दर वेळी शक्य नसतं, पण विचारलं तर आम्ही जुळवून बघतो. रात्री ते पलंगावरून उठायला लागले तर आधी समजा की लघवीला जायचंय. दहापैकी सात वेळा तेच असतं, हा माझा अंदाज, अभ्यास नव्हे.

आता पहारा. सगळ्यांना आरडाओरडा करणारा भ्रम माहीत असतो. दुसरा प्रकार गप्प असतो: माणूस नुसता पडून राहतो, उशिरा उत्तर देतो, घास तोंडात धरून ठेवतो, नजर लावून बसतो. वॉर्डात तो 'शांत पेशंट' म्हणून निसटून जातो. माझ्याकडूनही निसटलाय. एका बाईंची मुलगी मला म्हणाली, 'सिस्टर, माझी आई प्रश्नाला प्रश्न विचारणारी बाई आहे, आज नुसती मान हलवतेय.' मी म्हटलं, 'अहो, भूल उतरतेय, वय झालंय.' दुसऱ्या दिवशी सकाळी रक्ततपासणीत सोडियम बरंच खाली गेलेलं निघालं. तेव्हापासून नातेवाईक 'या नेहमीसारख्या नाहीत' म्हणाले की मी हातातलं काम ठेवून आधी तिथे जाते.

तुम्हीही तेच सांगा, पण नेमकं करून. 'बाबा जरा वेगळे वाटतात' म्हणू नका. 'काल दुपारी महिने उलटे म्हणत होते, आज तीनवर अडकतात, आणि हे संध्याकाळी पाचनंतर सुरू झालं' असं सांगा. मग ऑक्सिजन, साखर, ताप, लघवी, औषधं, रक्त तपासायला आम्हाला कारण मिळतं. डिलिरियम हा बहुतेकदा दुसऱ्या कशाचा तरी निरोप असतो, आणि ते 'दुसरं' लवकर सापडावं लागतं.

एवढं करूनही भ्रम झालाच तर वाद घालू नका. भिंतीवर किडे दिसतायत म्हणाले तर 'काही नाहीये तिथे!' असं ओरडू नका आणि 'हो हो, मारते' असंही म्हणू नका. 'मला दिसत नाहीत बाबा, पण तुम्हाला भीती वाटतेय. मी इथेच आहे,' असं म्हणून हात धरा, दिवा लावा, चष्मा द्या. हात बांधण्याची वेळ येतेय असं दिसलं तर आधी 'मी शेजारी बसते, बांधू नका' असं सांगून बघा. बांधल्यानं धडपड वाढते. शांत करणारी इंजेक्शनं स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची वेळ आली तरच, आणि तीही डॉक्टर ठरवतील.

तुम्ही दोघं आहात तर बारा-बारा तास वाटून घ्या. झोप न झालेला नातेवाईक चिडचिडा होतो आणि पेशंटला ते पहिल्यांदा कळतं. एक वही ठेवा: झोप, पाणी, चालणं, लघवी-शौच, बोलणं कसं होतं. पाळी बदलताना ती एकमेकांना वाचून दाखवा, आम्ही करतो तसंच. जिथे जवळ थांबू देत नाहीत, आयसीयूत वगैरे, तिथे चष्मा-मशीनसोबत एक कागद पाठवा: त्यांना काय म्हणून हाक मारायची, कोणत्या कानानं ऐकू येतं, कशावर बोलले की खुलतात, रात्री कोणत्या कुशीवर झोपतात. तो कागद मी पलंगाच्या डोक्याशी चिकटवते आणि पुढच्या पाळीची नर्सही तो वाचते.

घरी गेल्यावर काही दिवस संध्याकाळी थोडं घसरल्यासारखं वाटू शकतं, बहुतेकांचं ते निवळतं. काहींना पूर्ववत व्हायला आठवडे, क्वचित महिने लागतात. महिन्या-दोन महिन्यांनंतरही विसर किंवा गोंधळ टिकून असेल तर दाखवून घ्या, कारण डिलिरियम होऊन गेलेल्यांमध्ये पुढे स्मरणशक्ती उतरण्याचा धोका जास्त असतो. आणि एक विचारते: मागच्या वेळच्या त्या दोन रात्रींबद्दल तुम्ही वडिलांशी कधी बोललात का? पुष्कळ पेशंटांना तुकड्या-तुकड्यांनी आठवत असतं आणि लाजेनं ते गप्प राहतात. ऑपरेशनला जाण्याआधी एका संध्याकाळी त्यांना सांगा की तो भुलेचा आणि आजारपणाचा परिणाम होता, त्यांनी कुणाला काही लागेल असं बोललेलं नाही, आणि या वेळी रात्री डोळे उघडतील तेव्हा तुमच्यापैकी एक जण तिथे असेल.